मसाल्याच्या गाळ्यासाठी कन्व्हेयर निवडताना

नमस्कार ताई,

रबाळे येथील आपल्या मसाल्याच्या गाळ्यात तळमजल्यावर उतरणाऱ्या धणे, हळद आणि मिरचीच्या ४० किलोच्या गोण्या पहिल्या मजल्यावर न्यायच्या आहेत, दळलेली पूड पॅकिंग मशिनपर्यंत पोहोचवायची आहे आणि तयार खोकी पुन्हा खाली आणायची आहेत. त्यासाठी कन्व्हेयर, म्हणजे माल सरकवत नेणारे यंत्र, घेताना एका पुरवठादाराने चढता बेल्ट (फिरता पट्टा), दुसऱ्याने स्क्रू कन्व्हेयर (नळीत फिरणाऱ्या मळसूत्राने माल पुढे ढकलणारा) आणि तिसऱ्याने ग्रॅव्हिटी रोलर (मोटरशिवाय उतारावर माल घरंगळवणाऱ्या रुळांची रांग) सुचवला असून यांतला कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत देखभाल विभागात २६ वर्षे काढल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे, की कन्व्हेयरची निवड मालापासून सुरू करावी आणि दरपत्रकाकडे सर्वांत शेवटी वळावे. आपला माल तीन रूपांत फिरतो: गोणी, पूड आणि खोके. या तिघांची चाल वेगळी आहे, म्हणून एकाच प्रकारच्या यंत्राने तिन्ही कामे होणार नाहीत.

पहिले काम गोणीचे, आणि पैसा सर्वांत जास्त तेथेच लागणार असल्याने त्याचा हिशेब मी सविस्तर मांडतो. आपण दिवसाला ८ टन माल येतो असे लिहिले आहे, म्हणजे २०० गोण्या. ट्रक तासाभरात रिकामा व्हावा अशी अपेक्षा धरली, तर दर १८ सेकंदांना एक गोणी वर पोहोचते. पट्ट्यावर दोन गोण्यांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत २ मीटर अंतर ठेवले, तर पट्ट्याचा वेग मिनिटाला साधारण ७ मीटर पुरतो. आपल्याला मिळालेल्या दरपत्रकात मात्र मिनिटाला २० मीटर वेग आणि ३ अश्वशक्तीची मोटर आहे. या वेगाने खालच्या माणसांनी त्याच अंतराने गोण्या ठेवल्या, तर वरच्या माणसासमोर दर ६ सेकंदांना एक गोणी येईल. तेवढ्या वेळात ४० किलोची गोणी ओढून थप्पीला लावणे कोणालाही शक्य नाही, त्यामुळे वरच्या टोकाला ढीग साचेल आणि पट्टा सारखा बंद करावा लागेल. हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ साली सरकती जुळणी सुरू झाली आणि मोटारीच्या सांगाड्याच्या जुळणीला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून पुढे ९३ मिनिटांवर आला. तेथेही साखळीचा वेग शेजारी उभ्या माणसाच्या हाताला झेपेल असा बसवण्यात बराच काळ गेला होता. वेग नेहमी माल उतरवून घेणाऱ्या टोकाकडून ठरवावा.

आता चढ पाहू. आपला मजला ४ मीटर उंच आहे. गुळगुळीत पट्ट्यावर ज्यूटची गोणी साधारण १५ ते १८ अंशांपलीकडे भरवशाची राहत नाही, आणि तेवढ्या चढाने जायचे तर जमिनीवर १२ मीटरपेक्षा जास्त लांबी द्यावी लागेल, जी आपल्या गाळ्यात नाही. खडबडीत पृष्ठभागाचा पट्टा घेतल्यास ३० अंशांपर्यंत जाता येते. मग जमिनीवर सुमारे ७ मीटर जागा लागते आणि चढत्या पट्ट्याची लांबी ८ मीटर होते. खाली गोणी ठेवण्यासाठी आणि वर उतरवून घेण्यासाठी एकेक मीटरचा आडवा भाग अवश्य मागावा, कारण थेट उतारावर गोणी ठेवली तर ती लोळते. ८ मीटरवर एका वेळी ४ गोण्या, म्हणजे १६० किलो भार असतो. तो ३० अंशांत मिनिटाला ७ मीटर वेगाने उचलायला, पट्टा ज्या पत्र्यावरून सरकतो त्याचे घर्षण आणि गिअरबॉक्समधील तूट धरूनही, पाव ते तीन दशांश किलोवॅट पुरतात. भरलेला पट्टा पुन्हा सुरू करता यावा म्हणून १ अश्वशक्तीची मोटर घ्यावी, ३ अश्वशक्तीची गरज नाही. उरलेल्या पैशांतून ब्रेक असलेली मोटर घ्यावी. वीज गेल्यावर भरलेला चढता पट्टा उलटा फिरू शकतो, आणि वर्म गिअरबॉक्स (मळसूत्री दात्याने वेग कमी करणारी पेटी) त्याला रोखून धरेलच असे गृहीत धरू नये.

पूड दळणयंत्रातून पॅकिंगकडे नेण्यासाठी स्क्रू कन्व्हेयर योग्य आहे, कारण तो बंद असतो आणि धूळ उडू देत नाही. मात्र स्क्रूचे पाते आणि नळी यांत काही मिलिमीटरची फट ठेवावीच लागते व त्या फटीत माल उरतो. सकाळी मिरची दळली आणि दुपारी हळद घेतली, तर हळदीच्या पहिल्या पुड्यांना लालसर छटा आणि तिखटपणा येईल. म्हणून नळीचे वरचे झाकण हाताने उघडणारे, स्क्रू एका बाजूने बाहेर ओढता येणारा आणि माल लागणारा प्रत्येक भाग स्टेनलेस स्टीलचा असावा. मिरची आणि हळदीसाठी दोन स्वतंत्र स्क्रू परवडत असतील तर ते उत्तम. मसाल्याची हवेत उडालेली बारीक पूड पेट घेऊ शकते, त्यामुळे बेअरिंग गरम होणे आणि मोटारीवर थर साचणे या दोन्हींकडे रोज लक्ष असू द्यावे.

खोक्यांसाठी सुचवलेला ग्रॅव्हिटी रोलर मी स्पष्टपणे नाकारेन. असे रोलर २ ते ४ अंशांच्या उतारावर नीट चालतात. ४ मीटर खाली यायला ३ अंशांच्या उताराने सुमारे ७६ मीटर लांबी लागेल, आणि उतार वाढवला तर खोके खाली आदळेल. खाली आणायला उतरता बेल्ट किंवा गोल वळणाची घसरण घ्यावी. तळमजल्यावर टेम्पोसाठी रांग लावायला मात्र रोलर फार उपयोगी आहेत. भिवंडीच्या गोदामांत पार्सलची रांग अशाच रोलरवर उभी असलेली दिसते. खोक्याखाली कायम किमान ३ रोलर आले पाहिजेत, म्हणजे आपल्या ४५० मिलिमीटरच्या खोक्यासाठी दोन रोलरांतील मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुर्भे येथील एका कारखान्यात मी काम करत असताना पावसाळ्यात ओलसर गोण्यांमुळे पट्टा एका बाजूला पळू लागला. ज्यूटचे धागे शेपटाकडच्या, म्हणजे माल चढवण्याच्या टोकाच्या, पुलीभोवती गुंडाळले गेले होते. पट्टा मंद आहे, चालू असतानाच ओढून काढू, या विचाराने एका मदतनीस मुलाने फडक्याने ते धागे धरले आणि त्याची दोन बोटे गेली. त्या पुलीवर जाळी नव्हती, आणि थांबवण्याचे बटण ६ मीटर दूर भिंतीवर होते. आपला पट्टाही सेकंदाला जवळजवळ १२ सेंटिमीटर सरकणार आहे, म्हणजे हात अडकला असे लक्षात येईपर्यंत मनगट आत गेलेले असते. फिरत्या भागांना कुंपण घालणे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ नुसार बंधनकारक होते; २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली असली, तरी कुंपण हवेच. दोन्ही टोकांच्या पुल्यांना बोल्टने बसवलेली जाळी आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगांना पूर्ण लांबीभर ओढदोरीचा स्विच (दोरी कोठेही ओढली की पट्टा थांबवणारा), या दोन गोष्टी दरपत्रकात लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. साफसफाई करताना मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली साफ करणाऱ्याच्याच खिशात असावी. पट्ट्यासाठी स्लॅबमध्ये जी जागा कापाल तिच्याभोवती कठडा हवा, आणि ती कापण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घ्यावा.

पट्टा पळू लागला की नवखा फिटर ताण वाढवत जातो, त्यामुळे बेअरिंग लवकर जाते आणि मूळ दोष तसाच राहतो. पट्टा रोलरच्या ज्या टोकाला आधी टेकतो त्या टोकाकडे सरकतो, एवढे ध्यानात ठेवून रोलर काटकोनात आहेत का हे दोरी लावून तपासावे, पुली स्वच्छ करावी आणि गोणी पट्ट्याच्या मध्यावर पडते का ते पाहावे. बहुतेक वेळा दोष माल ठेवण्याच्या जागीच सापडतो.

पट्टा आला म्हणजे हमाल नकोत, असा हिशेब मात्र करू नये. ट्रकमधून गोणी पट्ट्यावर ठेवायला माणसे लागतातच, आणि आपल्याकडे माथाडी मंडळाचे नोंदीत कामगार येत असतील तर जागेचा बदल करण्यापूर्वी त्यांच्या मुकादमाशी बोलून घ्यावे. गोणी किती उंचीवर ठेवणे सोपे जाते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. खालचा आडवा भाग ट्रकच्या फाळक्याच्या पातळीला आणता आला, तर गोणी उचलावी न लागता नुसती सरकवता येते.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी पुरवठादाराच्या कारखान्यात आपल्याच गोण्या घेऊन जा, त्यांतल्या दोन-चार दमट असू द्या. पट्टा भरून चालवा, भरलेला असताना थांबवून पुन्हा सुरू करा आणि मग सर्वांना दूर उभे करून मुख्य वीज तोडायला सांगा. पट्टा एक वीतभर जरी मागे आला, तरी ब्रेक बदलून घेतल्याशिवाय तो ट्रकमध्ये चढवू देऊ नका.