वाचकांचे प्रश्न : कोणत्या क्रॉसिंगला आधी हात घालायचा?

प्रश्न : अमेरिकेत रस्ता आणि रेल्वेमार्ग एकाच पातळीवर छेदतात अशी दोन लाखांहून अधिक ठिकाणे आहेत. जिथे अपघात जास्त तिथे आधी फाटक बसवावे, एवढे गणित पुरेसे नाही का?

उत्तर : ते पुरेसे नाही, कारण एखाद्या ठिकाणी आजवर अपघात झाला नाही म्हणजे तिथे धोका नाही, असे म्हणता येत नाही. १९७३च्या महामार्ग सुरक्षा कायद्यातून सुरू झालेला आणि आज ‘कलम १३०’ या नावाने ओळखला जाणारा कार्यक्रम राज्यांना यासाठी केंद्राचा निधी देतो. प्रत्येक क्रॉसिंगला स्वतंत्र क्रमांक असतो. रोजच्या गाड्या, त्यांचा वेग, रुळांची संख्या, रस्त्यावरील वाहतूक आणि पूर्वीचे अपघात यांवरून संभाव्य धोक्याचा अंदाज काढतात. या माहितीची नोंद जुनी असेल तर अंदाजही चुकतो, म्हणून नोंदवही अद्ययावत ठेवणे हे मला या कामाचे मर्म वाटते.

त्यानंतर रेल्वे, राज्य आणि रस्ता सांभाळणारी यंत्रणा यांचे जाणकार एकत्र जागेवर जातात. हे टाळता येत नाही. २५ ऑक्टोबर १९९५ रोजी इलिनॉयमधील फॉक्स रिव्हर ग्रोव्ह येथे फाटक आणि दिवे दोन्ही होते. तरीही पुढच्या चौकातील सिग्नलसाठी थांबलेल्या शाळेच्या बसचा मागचा भाग रुळांवर राहिला आणि सात विद्यार्थी दगावले. तिथे प्रश्न फाटकाचा नव्हता, तर रूळ आणि चौक यांमधल्या अपुऱ्या जागेचा आणि रेल्वेचा आणि चौकातला अशा दोन्ही सिग्नलांच्या वेळा न जुळण्याचा होता.

क्रॉसिंग कायमचे बंद करणे हाही एक उपाय आहे, आणि २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्याने त्यासाठीच्या प्रोत्साहन रकमेची मर्यादा ७,५०० डॉलरवरून १ लाख डॉलरवर नेली. लोकांना वळसा पडतो, म्हणून विरोध होतो; त्यांच्याशी आधी बोलावेच लागते.

सर्वांत कच्चा दुवा मात्र निवड आणि प्रत्यक्ष काम यांमधल्या काळाचा. मिसुरीतील मेंडनजवळचे तीव्र चढाचे, रुळांना तिरके छेदणारे, दिवे व फाटक नसलेले क्रॉसिंग राज्याच्या सुधारणा यादीत आलेले होते. २७ जून २०२२ रोजी तिथे प्रवासी गाडी डंपरवर आदळली आणि चौघांचा मृत्यू झाला. म्हणून यादीत नाव चढताच चढ कमी करणे, दृष्टीच्या आड येणारी झाडी तोडणे किंवा तो रस्ता तात्पुरता बंद ठेवणे, यांपैकी काय आणि कधी करणार, हेही त्याच नोंदीत लिहिले जावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.