परवाना महापालिकेचा, बोधचिन्हही आपलंच?

प्रश्न : मी मुंबई महापालिकेचा परवानाधारक प्लंबर आहे. व्हिजिटिंग कार्ड, पावतीपुस्तक आणि स्कूटरवर पालिकेचं बोधचिन्ह लावलं आहे. ते सात दिवसांत काढून खुलासा द्या, अशी वॉर्ड ऑफिसची नोटीस आली. परवाना त्यांचाच, मग बिघडलं कुठे?

उत्तर : परवान्याने तुम्हाला प्लंबिंगचं काम करायची मुभा दिली, पालिकेच्या नावाने वावरायची नाही. दार उघडणाऱ्या आजींना ‘यतो धर्मस्ततो जयः’ लिहिलेलं ते चिन्ह दिसलं, की पालिकेचा माणूस आला असंच वाटणार. अडचण तिथे आहे.

अशा नोटिशीत बहुधा बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा, १९५० दाखवतात. त्याची अनुसूची वाचा. केंद्र आणि राज्य सरकारांची चिन्हं तिच्यात स्पष्ट आहेत. स्थानिक संस्थेबाबत मात्र तिच्याशी संबंध सुचवणाऱ्या ‘नावा’ची बंदी आहे. त्यामुळे नुसत्या चित्रापुरता वाद घालायला जागा आहे. पण धंद्याचं नावच ‘महापालिका प्लंबिंग सेवा’ वगैरे असेल, तर वादात पडू नका. या कायद्याखालच्या खटल्याला केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते, तेव्हा उद्याच पोलीस येतील या धास्तीत राहू नका.

कॉपीराइटचा मुद्दा काढलाच, तर चिन्ह प्रथम कधी प्रसिद्ध झालं ते विचारा. कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचा हा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो.

मला खरी काळजी पावतीपुस्तकाची वाटते. कार्ड आणि स्कूटरचं निभावून नेता येईल. पण ‘पालिकेची फी समजून पैसे दिले’ अशी एखाद्या गिऱ्हाइकाने तक्रार केली, तर भारतीय न्याय संहितेची कलमं ३१८ आणि ३१९, म्हणजे फसवणूक आणि तोतयेगिरी, पुढे येतात. तिथे केंद्राच्या मंजुरीची ढाल नाही, आणि तुमच्या सहीची पावती त्याच्या हातात असेल. परवान्यावर गदा येईल ती वेगळीच.

म्हणून चिन्ह आजच काढा, काढल्याचे फोटो ठेवा. ‘परवानाधारक प्लंबर’ आणि परवाना क्रमांक साध्या अक्षरांत खुशाल छापा, ते खरंच आहे. उरलेली पावतीपुस्तकं वापरू नका, पण फाडूही नका. स्थळप्रती हिशेबाला लागतील. खुलाशात ‘फसवण्याचा हेतू नव्हता, चिन्ह काढलं आहे’ एवढंच लिहा, फोटो जोडा आणि आवक शिक्क्याची पोच घ्या.