मोटर घरघरते पण बर्फ उडत नाही? बूच काढायची घाई नको

तुमच्या स्नो ग्लोबचा, म्हणजे आत चमकीचा बर्फ उडवणाऱ्या पाणीभरल्या शोपीसचा, दिवा लागतो, गाणं वाजतं, खालून मोटरची घरघर येते, पण बर्फ तळाशी ढिम्म, असं तुमचं म्हणणं. आणि आता ग्लोबचं बूच काढून पाणी उपसायचा बेत आहे. तो तूर्त राहू द्या. या ग्लोबमध्ये मोटर पाण्यात नसतेच. ती खालच्या कोरड्या बैठकीत असते, तिच्या दांड्यावर चुंबक असतं, आणि पाण्यातल्या छोट्या पंख्यातही चुंबक असतं. खालचं फिरलं की वरचं त्याच्या ओढीने फिरतं. मधे काच किंवा प्लॅस्टिकचा पडदा, त्यामुळे गळतीचा प्रश्नच नाही. मोटर फिरते आणि पंखा फिरत नाही, म्हणजे बहुधा ही चुंबकांची जोडी सुटली आहे.

आधी सेल काढा. मग खोल वाडग्यात जाड टॉवेल घालून ग्लोब त्यात उलटा ठेवा. स्क्रू दिसत नसतील तर ते तळाच्या मखमली कापडाखाली किंवा रबरी पायांखाली लपलेले असतात. हेअर ड्रायरने जरा कोमट केलं की कापड न फाटता सुटतं. बैठक उघडताना हिसका देऊ नका, आतल्या वायरी आखूड असतात. उघडल्यावर पहिलं काम फोटो काढण्याचं. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर पंखा उलटा फिरेल आणि बर्फ नीट उडणार नाही.

आता खरी परीक्षा. एक बऱ्यापैकी ताकदीचं चुंबक घ्या, पंख्याच्या बरोब्बर खाली, पडद्याला लागून धरा आणि सावकाश गोल फिरवा. पंखा मागोमाग फिरला तर पाण्यातलं सगळं ठणठणीत आहे, दोष कोरड्या बाजूला. मग मोटरच्या दांड्यावरचं चुंबक बोटाने हलवून बघा. गोंद वाळून सुटलेला असतो, दांडा आत मजेत फिरतो आणि चुंबक जागेवरच. जुना गोंद खरवडून काढा आणि दोन ट्यूबवाल्या एपॉक्सीने पुन्हा चिकटवा. सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने जवळच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी झाक येते आणि शोपीसची शोभा जाते. चकतीवर दोन किंवा चार चुंबकं असतील तर सुटलेलं चुंबक उलटं बसवू नका. काढण्याआधी वरच्या बाजूला मार्करने खूण करा. एपॉक्सी पूर्ण कडक होईपर्यंत मोटर चालवायची नाही.

चुंबक पक्कं असूनही पंखा सुरुवातीला थरथरून थांबत असेल, तर दोन चुंबकांमधलं अंतर वाढलंय. मोटर बसवलेला पट्टा वाकला की किंवा तिचा स्क्रू ढिला पडला की असं होतं. इथे एक मिलिमीटरही फार झाला. मोटर पडद्याला घासणार नाही इतपत पडद्याकडे सरकवा, बस्स.

सेलची जागाही बघून घ्या, कारण सेल बरेच महिने आतच होते असं तुम्हीच लिहिलंय. तीन पेन्सिल सेल म्हणजे नवे असताना साधारण 4.5 व्होल्ट. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा, पण मोटर चालू ठेवून, आणि थेट मोटरच्या टोकांवर. सेलपाशी पूर्ण व्होल्टेज आणि मोटरपाशी निम्मं, असं दिसलं तर मधला स्विच किंवा स्प्रिंग खराब आहे. दिव्याला करंट फार थोडा लागतो, म्हणून तो लागतो. मोटरची मात्र दमछाक होते. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड असेल तर अल्कलाइन सेल गळलाय. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून पुसा, मग ओल्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळू द्या. हातमोजे घाला, ती पूड त्वचेला आणि डोळ्यांना चांगली नाही.

हातातल्या चुंबकानेही पंखा हलला नाही, तर तो अडकलाय. बहुतेकदा चमकीचा लगदा आसाभोवती बसतो. ग्लोब रात्रभर उलटा ठेवा, सकाळी हलक्या हाताने झुलवा आणि पुन्हा चुंबक फिरवून बघा. एवढ्यावर अनेकदा सुटतो.

तरीही नाही, तरच बूच. संग्राह्य वस्तूचं मूळ सील मोडलं की तिची किंमत उतरते, हे लक्षात ठेवून ठरवा. आतलं पाणी बारीक कापडातून गाळा, म्हणजे चमकी वाचेल. ते पाणी मुलं आणि पाळीव प्राण्यांपासून लांब ठेवा. काही ग्लोबमध्ये गोठणरोधक म्हणून एथिलीन ग्लायकोल घातलेलं असतं, ते विषारी आहे. पंख्याचं चुंबक तपासा: ते निओडिमियमचं (छोटं पण फार ताकदीचं) असेल तर वरचा मुलामा तडकला की ते गंजून फुगतं आणि खोबणीत अडकतं. बदली म्हणून फेराइटचं (साधं काळं चुंबक) चालेल. ते गंजत नाही, पण ओढ कमी, तेव्हा अंतराचा हिशेब पुन्हा करावा लागेल. भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि थोडं ग्लिसरीन. नळाच्या पाण्यातले क्षार काचेवर डाग धरतात. ग्लिसरीन जास्त झालं तर द्रव जड होऊन पंख्यालाच त्रास. बूच लावताना छोटासा बुडबुडा राहू द्या, उन्हाळ्यात द्रव फुगतो तेव्हा तेवढी जागा लागते.

सील करायला सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सर्किटजवळ नको, त्यातल्या आम्लाने तांबं खराब होतं. न्यूट्रल क्युअर, म्हणजे वाळताना असं आम्ल न सोडणारं, लिहिलेलं घ्या आणि बैठक बंद करण्याआधी एक दिवस उघडी ठेवा.