मफलरचे टाके का वाढतात?

प्रश्न : थंडीत संध्याकाळी घरी विणत बसलं की मन निवतं. पण मफलरच्या कडा गुंडाळतात, आणि 40 टाक्यांचे 44 झालेत. काय चुकतंय?
– एक वाचक, दादर

उत्तर : कडा गुंडाळणं ही तुमची चूक नाही. एक ओळ सुलट, एक उलट विणली की दोन्ही बाजूंचा ताण वेगळा राहतो आणि उभ्या कडा मागे वळतात. इस्त्री मात्र फिरवू नका. अ‍ॅक्रिलिक लोकर गरम इस्त्रीने कायमची चपटी होते. कडा सपाट राहाव्यात म्हणून एकाच ओळीत दोन टाके सुलट, दोन टाके उलट अशी वीण घ्या. 40 ला 4 ने भाग जातो, म्हणून प्रत्येक ओळ तशीच विणायची.

टाके वाढतात ते धाग्यामुळे. सुलटावरून उलटाकडे जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणा, परतताना तसाच मागे न्या. तो सुईवरून गेला तर जादा फास पडतो, पुढच्या ओळीत टाका म्हणून विणला जातो आणि खाली भोक राहतं. ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे ओढला गेला, तर पहिला टाका दोन दिसतो. तिथेही फसगत होते. नवी वीण घेतल्यावर ओळ संपली की टाके मोजाच.

मुंबईच्या थंडीला सुती धागा पुरतो. तो लोकरीसारखा ताणला जात नाही, म्हणून हात सैल ठेवा.