म्युनिकच्या अंतिम सामन्यात इंटर मिलान दमला होता, की पीएसजीने त्याला खेळूच दिलं नाही?

तुम्ही विचारलंय, की बायर्न आणि बार्सिलोनाला स्पर्धेबाहेर काढणारा इंटर 31 मे 2025 च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात पीएसजीकडून (पॅरिस सेंट-जर्मेन) 5-0 असा हरला, तर दोष कशाला द्यायचा: थकलेल्या पायांना, नशिबाला, की डावपेचांना? आणि आपल्या नाशिकच्या हौशी संघांनी त्यातून काही उचलावं का? मी इथे शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो आणि या सामन्याचे तुकडे त्यांना वारंवार दाखवतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा सामना पीएसजीने चेंडू आपल्याकडे नसतानाच्या खेळावर जिंकला. पाच गोल हा त्याचा परिणाम.

सामन्याचा पहिला क्षण आठवून बघा. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते, त्यामुळे अनेकांचं लक्ष अजून बसायचं होतं. पीएसजीने किकऑफ घेतला आणि त्यांचा मिडफिल्डर व्हितिन्याने चेंडू उचलून थेट बाजूच्या रेषेबाहेर मारला, तोही इंटरच्या कोपऱ्याजवळ. ज्यांनी या संघाचे आधीचे सामने पाहिले नव्हते त्यांना ती चूक वाटली असेल. पण पीएसजीचा प्रशिक्षक लुईस एन्रिकेचा संघ हे मुद्दाम करतो. थ्रो-इन घेणारा खेळाडू रेषेबाहेर उभा असतो, म्हणजे तेवढ्यापुरता समोरचा संघ मैदानात एकाने कमी असतो. जागाही अगदी कोपऱ्यातली, एका बाजूला रेषा, दुसऱ्या बाजूला आपलीच गोललाइन. पीएसजीचे खेळाडू लगेच वर सरकले आणि इंटरला पहिल्याच मिनिटाला आपल्याच घरात कोंडलं. पुढच्या नव्वद मिनिटांत जे झालं ते या एका किकमध्ये दिसत होतं.

आता इंटरची बाजू. त्यांचा प्रशिक्षक सिमोने इन्झागीचा 3-5-2 (मागे तीन, मधे पाच, पुढे दोन) हा गेल्या काही वर्षांतला युरोपातला सर्वांत देखण्या मांडणीचा खेळ होता, हे मी मनापासून मानतो. गोलकीपर सोमर, त्याच्यापुढे पावार, आचेर्बी, बास्तोनी. मधोमध चाल्हानोग्लू खाली येणार. दोन कडांना वर-खाली धावणारे विंग-बॅक डम्फ्रिस आणि दिमार्को. हा संघ समोरच्याला मुद्दाम अंगावर येऊ द्यायचा, आपल्याच पेनल्टी क्षेत्रात शांतपणे पास खेळायचा आणि समोरचे पुरेसे पुढे आले की दोन-तीन पासमध्ये त्यांच्या मागे निसटायचा. पण या सगळ्याला एक गोष्ट लागते: चेंडू घेतल्यावर मान वर करून बघायला मिळणारा एक सेकंद.

तो सेकंद पीएसजीचा स्ट्रायकर डेम्बेलेने काढून घेतला. सोमर गोलकिक घ्यायला उभा राहिला की डेम्बेले पेनल्टी क्षेत्राच्या अगदी रेषेवर, वाकून, पाय रोवून, चेंडूवर नजर ठेवून तयार असायचा. ते दृश्य नंतर जगभर फिरलं. चेंडू हलला की हा सुटायचा. चेंडू हिसकावणं हा त्या धावेचा मुख्य हेतू नव्हताच; सोमरला घाईने आणि एकाच बाजूला पास द्यायला लावणं हा होता. एकदा बाजू ठरली की मागचं सगळं सोपं होतं, कारण नेवेस, फाबियान रुईस आणि व्हितिन्या इंटरच्या तिन्ही मिडफिल्डरांना चिकटलेले, आणि हकीमी व नुनो मेंडेस हे दोन्ही फुलबॅक थेट वर येऊन विंग-बॅकना भिडलेले. सामन्यानंतर एन्रिकेने डेम्बेलेच्या बचावाचं जे भरभरून कौतुक केलं ते यासाठीच.

यात मोठा धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. असं खेळताना मागे मार्किन्योस आणि पाचो दोघेच उरतात, समोर इंटरचे स्ट्रायकर लौतारो आणि थुराम. म्हणजे मागे जादा माणूस जवळजवळ नाहीच. कबड्डीतल्या साखळीसारखं आहे हे: सगळ्यांनी हात धरून एकदम झेप घेतली तर चढाईपटू जागीच अडकतो, एकाने हात सोडला तर त्याच फटीतून तो निसटतो. पीएसजीच्या दहा जणांपैकी त्या रात्री कोणीही हात सोडला नाही. ज्या संघात काही वर्षांपूर्वी मेस्सी, नेमार आणि एमबापे एकत्र होते आणि चेंडू गेल्यावर त्यातले दोघे-तिघे चालतच असायचे, त्याच क्लबचा हा संघ आहे, हे लक्षात घेतलं की एन्रिकेचं काम किती मोठं आहे ते कळतं. 2024 च्या उन्हाळ्यात एमबापे रिअल माद्रिदला गेला आणि संघ दुबळा होईल असं सगळ्यांना वाटलं. झालं उलटंच.

पहिल्या गोलबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण तो मी मुलांना सर्वांत जास्त दाखवतो. बारावं मिनिट. पीएसजी घाई न करता इंटरच्या क्षेत्राबाहेर चेंडू फिरवतोय. व्हितिन्या एक तिरका, वेगवान पास पीएसजीच्या आघाडीतल्या डुएला आत देतो. इंटरची बाकीची फळी वर आहे, पण दिमार्को दोन पावलं मागे रेंगाळलाय, त्यामुळे डुए ऑफसाइड नाही (ती रेषा गोलकीपर सोडून सर्वांत मागच्या बचावपटूवरून ठरते). डुए वळतो, स्वतः मारू शकतो, पण आडवा पास देतो आणि गोलसमोर मोकळा उभा आहे तो हकीमी, म्हणजे राइट-बॅक! तिथे तो कसा? कारण इंटरचे खेळाडू माणसाला धरून राहत होते आणि पीएसजीची माणसं जागा बदलत होती. डेम्बेले खाली येई, डुए आत घुसे, हकीमी विंगरच्याही पुढे जाई. माणूस धरावा तर फळी मोडते, फळी राखावी तर माणूस सुटतो. दिमार्कोची एक चूक झाली हे खरं, पण त्याला सतत दोन-दोन प्रश्न एकदम सोडवायला लावले जात होते. त्याच्या एकट्यावर खापर फोडणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. हकीमीने गोल साजरा केला नाही, हात वर करून इंटरच्या चाहत्यांची माफी मागितली. 2021 ची इटालियन लीग त्याने इंटरकडूनच जिंकली होती.

दुसरा गोल विसाव्या मिनिटाला. इथे पाचोला श्रेय द्या. पीएसजीच्या स्वतःच्या कोपऱ्यात चेंडू बाहेर जाऊन इंटरला कॉर्नर मिळणार होता. पाचोने तो रेषेवरून वाचवला आणि पुढे खेळला. तिथून क्वारात्स्खेलिया, मग डावीकडून डेम्बेलेचा लांब क्रॉस, पलीकडे डुएने छातीवर घेतला आणि मारला. चेंडू दिमार्कोला लागून दिशा बदलून आत गेला. तुम्ही नशीब म्हणता ते एवढंच. बाकी चार गोलांत मला नशिबाचा भाग दिसत नाही.

इंटरने पूर्वार्धात कॉर्नरवरून दोनदा डोक्याने चेंडू मारला, एकदा आचेर्बी, एकदा थुराम, दोन्ही बाहेर. एवढ्या मोठ्या संघाच्या संधी जवळपास फक्त कॉर्नरवरून याव्यात, यातच सगळं आलं. उत्तरार्धात संघ पुढे येणं भागच होतं आणि मागे मैदान मोकळं पडत गेलं. तिसऱ्या गोलच्या वेळी डेम्बेलेने टाचेने दिलेला पास आणि व्हितिन्याची मधून धाव एकदा सावकाश बघा. शेवट पुन्हा डुएने केला, वीस वर्षांचा व्हायला त्याला तीन दिवस बाकी होते. मग क्वारात्स्खेलिया, मग एकोणीस वर्षांचा मायुलू. युरोपच्या या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातला हा सर्वांत मोठ्या फरकाचा विजय.

वयाचा मुद्दा पूर्ण खोडून काढणार नाही. आचेर्बी 37, सोमर आणि म्खितारयान 36. त्यातच आठवडाभर आधी लीगचं विजेतेपद नापोलीकडे एका गुणाने गेलेलं, ते ओझं मनावर असणारच. पण याच खेळाडूंनी 6 मे ला बार्सिलोनाविरुद्ध 120 मिनिटं झुंज दिली होती, आणि 37 वर्षांच्या आचेर्बीने भरपाईच्या वेळेत स्ट्रायकरच्या जागी जाऊन बरोबरीचा गोल केला होता. पाय तेच होते. फरक समोरच्या संघात होता. बार्सिलोनाची बचावफळी खूप वर उभी राहते आणि तिच्यामागे डम्फ्रिस, थुराम यांना पळायला अंगण मोकळं मिळतं. पीएसजीही वर उभा राहतो, पण तिथे चेंडू मागे टाकणाऱ्यालाच डोकं वर करू दिलं जात नाही. म्हणून मला वाटतं, इंटर पळून दमला नाही, विचार करून दमला.

मग या खेळाला उतारा नव्हता का? होता, आणि तो सहा आठवड्यांनी दिसला. 13 जुलैला क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चेल्सीने याच पीएसजीला 3-0 हरवलं, तिन्ही गोल पूर्वार्धात: दोन पामरचे, एक जोआव पेद्रोचा. चेल्सीने गोलकीपर सांचेझकडून लांब किक मारून प्रेसच्या (अंगावर येऊन दबाव टाकणाऱ्या खेळाडूंच्या) डोक्यावरूनच चेंडू नेला, मुख्यतः उजवीकडे, जिथे मेंडेस पुढे गेल्यावर मागे जागा उरते. शिवाय सुरुवातीपासून पीएसजीलाही तसंच अंगावर जाऊन रोखलं. इंटरकडे थुराम आणि डम्फ्रिससारखे उंच, दणकट खेळाडू होते. 2-0 झाल्यावर तरी सोमरने लांब मारायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. इन्झागीने आपली शैली सोडली नाही याबद्दल मला त्याच्याविषयी आदरच आहे, पण अंतिम सामन्यात अर्धा तास कुरूप खेळायची तयारी ठेवावी लागते.

आता नाशिक. तुमच्या संघाला हे सगळं करायला सांगू नका. आपल्याकडे गंगापूर रोड काय, पाथर्डी फाटा काय, बहुतेक खेळ जाळी लावलेल्या छोट्या टर्फवर होतो. तिथे चेंडू जाळीला लागून परत आत येतो, त्यामुळे कोपऱ्यात कोंडायला लागणारी बाजूची रेषाच नसते. गोल्फ क्लब मैदानावर संध्याकाळी क्रिकेटच्या चार डावांमधून जागा शोधावी लागते. एप्रिल-मेच्या उन्हात पूर्ण वेळ असं धावलं तर पोरं दहा मिनिटांत हातपाय गाळतील, आणि पावसाळ्यात चिखलात प्रेस करणारा घसरतो, चेंडूवाला सुटतो.

त्यापेक्षा कधी धावायचं याच्या खुणा ठरवा. समोरच्याने चेंडू स्वतःच्याच गोलकडे तोंड करून घेतला, त्याचा पहिला स्पर्श लांब गेला, किंवा त्याच्या बचावात थ्रो-इन पडली, एवढ्या तीनच वेळा सगळ्यांनी एकदम जायचं. पाच सेकंद जोर लावायचा, चेंडू नाही मिळाला तर गुपचूप मागे येऊन जागा धरायची. मी मुलांना ते पाच सेकंद मोठ्याने मोजायला लावतो. त्यामुळे कोण गेला आणि कोण नुसता बघत राहिला हे त्यांचं त्यांनाच कळतं.

सुरुवात स्ट्रायकरपासून करा. आपल्या संघांमध्ये जो गोल करतो त्याला बचावातून सूट असते, घरच्यांनाही त्याचं अंगावर धावणं वाया घालवलेला दम वाटतो. त्या मुलाला डेम्बेलेची ती गोलकिकची दृश्यं दाखवा. त्या रात्री त्याने एकही गोल केला नाही, तरी अर्धा सामना त्याच्याभोवती फिरला. जगातला इतका कुशल खेळाडू हे काम करतो म्हटल्यावर आपल्या सिडकोतल्या चौदा वर्षांच्या पोराला त्यात कमीपणा वाटत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणि एक गोष्ट याच्याही आधी तपासा: तुमचा गोलकीपर. सगळा संघ वर गेला की मागे पडणारा लांब चेंडू त्यालाच पुढे धावत येऊन मारायचा असतो. आपल्याकडे ज्याला पळायचा कंटाळा त्याला गोलमध्ये उभं करतात. तसं असेल तर प्रेस सुरूच करू नका. पहिले काही आठवडे त्यालाच रेषा सोडून पेनल्टी क्षेत्राच्या टोकापर्यंत यायला शिकवा, पायाने पास द्यायला लावा, आणि मगच बाकीच्यांना वर पाठवा.