ही कात्री आधी धरते, मग कापते

प्रश्न : आम्ही टोकियोत निशिकासाईला राहतो. मिस्टरांचं वय 46. शौचातलं न दिसणारं रक्त शोधायची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून दुर्बिणीने तपासलं, तर मोठ्या आतड्यात उजवीकडे 3 सेंटीमीटरचा चपटा चट्टा सापडला. डॉक्टर म्हणाले, ‘ईएसडी’ (पोट न कापता, दुर्बिणीतूनच चट्टा सोडवून अखंड काढणं) करू, ‘हासामी’सारख्या सुरीने काढू. हासामी म्हणजे कात्री एवढं मला कळलं आणि पोटात गोळाच आला. सासूबाई म्हणतात, पुण्याला या, ऑपरेशन करून तेवढं आतडं काढून टाका. काय करावं?
– एक वाचक, टोकियो

उत्तर : ताई, तुमची भीती मला अगदी समजते. जपानात शिकायला गेले होते तेव्हा ही कात्री पहिल्यांदा पडद्यावर पाहिली आणि मीही श्वास रोखून धरला होता. मोठ्या आतड्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड. तिथे कात्री?

शिंपी कोटाचं अस्तर उसवतो ते आठवा. वरच्या कापडाला धक्का न लावता तो अस्तर चिमटीत उचलतो आणि मगच टाके तोडतो. इथेही तसंच. चट्टा असतो अस्तरात. त्याच्याखाली मऊ, विरळ थर आणि त्याखाली स्नायू. या स्नायूला भोक पडता कामा नये. म्हणून आधी मधल्या थरात औषधी द्रव टोचून चट्टा वर उचलतात. द्रवात निळा रंग मिसळला की मधला थर निळसर दिसतो आणि सुरी कुठे चालली आहे ते कळतं.

सुईसारख्या सुरीने हेच काम करताना आतडं हललं, रोग्याने खोल श्वास घेतला, तर टोक नको तिथे जाऊ शकतं. कात्री आधी धरते. धरलेलं स्वतःकडे ओढून स्नायूपासून दूर घेता येतं. चुकीचं धरलं गेलं असेल तर सोडून द्यायचं, काही बिघडत नाही. नीट दिसल्यावरच कापण्यासाठी वीज सोडायची. पात्यांच्या बाहेरच्या बाजूला विजेला अडवणारा लेप असतो. रक्तवाहिनी आडवी आली तर त्याच पात्यांत दाबून भाजून बंद करता येते. फुकुओका प्रांतातल्या ईझुकाचे डॉ. काझुया आकाहोशी यांनी घडवलेल्या ‘क्लच कटर’ या अशाच कात्रीची आतड्यासाठीची पाती अवघी 3.5 मिलिमीटर लांब आहेत, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही आखूड! दर वेळी धरा, पाहा, कापा, यात वेळ जातो हे खरं. पण तो वेळ गेलेला मला चालतो.

अस्तर कापल्याचं दुखत नाही. पोट हवेने ताणलं की दुखतं. धोके दोन, भोक आणि रक्तस्राव. भोक लहान असेल तर बहुधा दुर्बिणीतूनच क्लिप लावून मिटवतात, क्वचित ऑपरेशन लागतं. रक्त मात्र घरी आल्यावरही जाऊ शकतं. मिस्टर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना आजच सांगा; मनाने बंद करू नका.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची काळजी रास्त आहे, पण आतड्याचा तुकडा काढण्याची घाई नको. जपानात हा उपचार एप्रिल 2012 पासून विम्यात आहे, तो मुळात 2 ते 5 सेंटीमीटरच्या अशाच गाठींसाठी सुरू झाला. तिथल्या डॉक्टरांचा हात यावर बसलेला आहे. चट्टा अखंड निघाला की पॅथॉलॉजीत कडा आणि खोली नीट मोजता येतात. तुकड्यांत काढलं तर ते अवघड होतं, शिवाय चट्टा पुन्हा उगवण्याची शक्यता वाढते.

ताई, माझा जीव अडकतो तो त्या रिपोर्टमध्ये. कर्करोग निघालाच, तर तो मधल्या थरात 1 मिलिमीटरपेक्षा कमी उतरलाय का, रक्तवाहिन्यांत किंवा लसीकावाहिन्यांत (लिम्फच्या नळ्यांत) शिरलाय का, पेशी फार बिघडलेल्या आहेत का, हे एकेक करून विचारा. यांतलं काही वावगं निघालं तर सासूबाई म्हणतात ते ऑपरेशन लागू शकतं, कारण कर्करोग लसीकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) पसरला असू शकतो आणि तिथवर दुर्बीण पोचत नाही. तेव्हा मात्र टाळाटाळ करू नका.

पुण्याचं तिकीट रिपोर्ट हातात आल्यावरच काढा. ईएसडीनंतर पहिले दोन आठवडे विमान नको, जड उचलणं नको, दारू नको. आणि शौचाला लाल रक्त किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या तर सकाळची वाट न पाहता त्याच हॉस्पिटलला फोन करा.