गंधार भरला की गाणे गोड होते

रॉक संगीतातील जुनी, गाजलेली गाणी सिम्फनी वाद्यवृंदाने नव्याने वाजवण्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. काही पत्रांतील आशय सारखा होता, ती पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : गिटारच्या जोरावर उभे असलेले माझे एक आवडते गाणे मोठ्या वाद्यवृंदाने वाजवलेले ऐकले. ऐंशीच्या आसपास वादक असूनही मूळच्या चार जणांपुढे ते दुबळे आणि काहीसे गोडगोड वाटले. हा माझ्या कानांवरच्या सवयीचा परिणाम आहे का?

उत्तर : सवयीचा थोडा वाटा असेलही, पण आपल्या कानांनी जे टिपले आहे त्याला ठोस कारणे आहेत. इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे ताणला की ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात आणि या छाटणीतून मूळ स्वरात नसलेले कितीतरी उपस्वर जन्माला येतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. गिटारवादक ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, तो म्हणजे केवळ षड्ज आणि पंचम यांची जोडी. हे दोन स्वर डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाइतका एक तिसरा स्वर उमटतो, आणि गणिताचा योग असा की तो मूळ षड्जाच्या बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज असतो. कोणीही न वाजवलेला हा खर्ज गाण्याला जमिनीत रोवून ठेवतो. वाद्यवृंदात तो आपोआप मिळत नाही. डबल बेस, बासून किंवा ट्यूबा यांच्यासाठी तो मुद्दाम लिहावा लागतो, आणि घाईत केलेल्या संयोजनांत नेमका तोच राहून जातो.

गोडव्याचे कारण मात्र वेगळे आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातली मुख्य गोम तीच आहे. डिस्टॉर्शनमध्ये गंधार मिसळला की आवाज गढूळ होतो, म्हणून गिटारवादक पुष्कळदा तो वाजवतच नाहीत. गंधारच नसल्यामुळे तो शुद्ध की कोमल, म्हणजे गाणे मेजरचे की मायनरचे, हे तिथे अधांतरी राहते, आणि कित्येक गाण्यांतली अस्वस्थता या अधांतरी राहण्यातूनच आलेली असते. संगीत संयोजकासमोर मात्र ऐंशी वादक बसलेले असतात, त्या प्रत्येकाला काहीतरी वाजवायला द्यायचे असते आणि व्हिओला व हॉर्न रिकामे दिसत असतात. मग रिकामी जागा भरायची म्हणून त्यांच्या हाती गंधार दिला जातो. गंधार भरला की गाणे गोड होते; जे वाक्य प्रश्नचिन्हाने संपत होते, त्याला कोणीतरी पूर्णविराम द्यावा तसे ते होते.

आघाताचा फरकही आहे. नखीने छेडलेल्या तारेचा आवाज क्षणात उसळतो, तर गजाने वाजवलेल्या तारेचा आवाज किंचित सावकाश आकार घेतो. सोळा व्हायोलिनवादक एकच स्वर वाजवतात तेव्हा त्यांच्या सुरुवातीतील सूक्ष्म मागेपुढेपणामुळे त्याची धार आणखी बोथट होते. हे टाळण्यासाठी गज प्रत्येक स्वरावर उचलून पुन्हा खालच्या दिशेने आपटण्याची युक्ती आहे. फिनलंडमधील सिबेलियस अकादमीच्या चार चेलोवादकांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या अपोकॅलिप्टिकाने १९९६ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये मेटॅलिका या हेवी मेटल बँडची गाणी केवळ चार चेलोंवर वाजवली, आणि ती दुबळी वाटत नाहीत. संख्या वाढवल्याने जोर येतो, हा समज त्या अल्बमपुढे टिकत नाही.

राहिला गायकाचा प्रश्न. रॉकमधील पुष्कळ चाली एकाच स्वराभोवती घोटाळतात, कारण त्यांना वैविध्य शब्दांतून, आवाजाच्या खरखरीतून आणि स्वर वाकवण्यातून मिळते. शब्द काढून तीच चाल ओबोला दिली की उरतो तो एकाच स्वराचा पाढा. अशा वेळी मूळ चाल बाजूला ठेवून गाण्यातील दुसरे काहीतरी पुढे आणण्याचे धाडस संयोजकाने दाखवायला हवे, पण श्रोत्याला गाणे ओळखू यायला हवे या भीतीपोटी ते फारसे कोणी दाखवत नाही.

प्रश्न : रॉक आणि वाद्यवृंद यांना एकत्र आणण्याची सुरुवात कधी झाली? हा अलीकडचा व्यापारी प्रकार आहे, असे माझे एक स्नेही म्हणतात.

उत्तर : आपल्या स्नेह्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. व्यापार त्यात आहेच, पण सुरुवात साठच्या दशकातली आहे आणि ती कुतूहलातून झाली. बीटल्सच्या ‘एलिनॉर रिग्बी’ या १९६६ च्या गाण्यात बीटल्सपैकी कोणीही वाद्य वाजवलेले नाही. साथीला चार व्हायोलिन, दोन व्हिओला आणि दोन चेलो आहेत, आणि बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ते गज मुद्दाम कोरडे, टोचणारे ठेवले. पुढच्या वर्षी ‘अ डे इन द लाइफ’साठी त्यांनी चाळीस वादकांना आपापल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरापासून वरपर्यंत चोवीस बारमध्ये (बार म्हणजे मात्रांचा एक गट), शेजाऱ्याकडे लक्ष न देता, चढत जायला सांगितले. शिस्तीत वाढलेल्या वादकांना ही सूचना किती विचित्र वाटली असेल, याची कल्पना करता येते.

त्याच १९६७ मध्ये मूडी ब्लूजचा ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ आला. गंमत अशी की या अल्बममध्ये बँड आणि वाद्यवृंद एकत्र असे फारसे वाजतच नाहीत. पीटर नाइट यांनी लिहिलेले वाद्यवृंदाचे भाग गाण्यांना जोडणाऱ्या पुलांसारखे येतात. खुद्द गाण्यांत ऐकू येणारी व्हायोलिने मेलोट्रॉन या पेटीसारख्या पट्ट्यांच्या वाद्याची आहेत. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो, त्यावर एकेक स्वर मुद्रित केलेला असतो आणि सुमारे आठ सेकंदांनी फीत संपते, म्हणून वादकाला पट्टी सोडावीच लागते.

डीप पर्पल या रॉक बँडचे जॉन लॉर्ड यांनी लिहिलेला ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर सादर झाला, संचालक होते माल्कम आर्नल्ड. हे गाण्याचे रूपांतर नव्हते, स्वतंत्र रचना होती. तिची मूळ स्वरलिपी १९७० मध्ये हरवली. मार्को दे ख्यूई या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून आणि चित्रीकरण पाहून ती नव्याने लिहून काढली, लॉर्ड यांनी ती तपासून पुरी केली आणि सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच सभागृहात ती लंडन सिम्फनी वाद्यवृंदासह पुन्हा वाजली. रॉकवाल्यांची गाणी कानांवर जगतात आणि वाद्यवृंद कागदावर जगतो. इथे कागद हरवल्यावर कानांनी तो परत मिळवून दिला. लंडन सिम्फनीने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘क्लासिक रॉक’ नावाची जी मालिका काढली, तिथून आपल्या स्नेह्यांना खटकणारा प्रकार सुरू झाला असे म्हणता येईल.

प्रश्न : वाद्यवृंदात तालवाद्ये असताना अशा कार्यक्रमांत वेगळा ड्रमसेट कशासाठी लागतो? आणि तो पुष्कळदा काचेच्या पेटीत ठेवल्यासारखा का दिसतो?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ती पारदर्शक भिंत ड्रमचा आवाज जवळच्या व्हायोलिनवादकांच्या मायक्रोफोनमध्ये आणि कानांत घुसू नये म्हणून उभारलेली असते.

पहिल्या प्रश्नाचे मूळ अंतरात आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. व्यासपीठाच्या एका टोकाचा ड्रम पंधरा मीटरवरच्या ट्रॉम्बोनवादकाला सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे उशीर त्याच्या एकतृतीयांशाहून अधिक झाला. सिम्फनीचे वादक कानांपेक्षा संचालकाच्या काठीवर विसंबून हा प्रश्न सोडवतात आणि त्यांची लय श्वासासारखी किंचित आकुंचन-प्रसरण पावते. रॉकचा ठेका मात्र ड्रमर आणि बेसवादक यांच्यातल्या बारीक ओढाताणीवर चालतो, आणि ती ओढाताण स्वरलिपीत नीट लिहिता येत नाही. म्हणूनच बहुतेक संयोजक ठेका ड्रमसेटकडे ठेवतात आणि वादकांच्या कानांत क्लिक, म्हणजे लय दाखवणारी यांत्रिक टिकटिक, सोडतात.

हा मार्ग सुरक्षित आहे, पण त्याने वाद्यवृंदाची स्वतःची लय मारली जाते, आणि मला तो तोडगा अर्धवटच वाटतो. पीटर गॅब्रिएल यांनी २०१० च्या ‘स्क्रॅच माय बॅक’मध्ये इतरांची गाणी घेताना ड्रम नाही आणि गिटारही नाही, असा नियमच स्वतःवर घालून घेतला. जॉन मेटकाफ यांच्या संयोजनात ठेका मग व्हायोलिनच्या छोट्या, पुनःपुन्हा येणाऱ्या आकृत्यांतून हळूहळू उभा राहतो. काही गाणी त्यामुळे फार संथ झाली आहेत, हे मान्य. पण वाद्यवृंदाने तिथे स्वतःच्या पायावर चालून दाखवले आहे.

प्रश्न : हयात नसलेल्या गायकांच्या जुन्या आवाजाला नव्या वाद्यवृंदाची साथ देऊन अल्बम काढले जातात. ते तांत्रिकदृष्ट्या कसे होते, आणि ते योग्य आहे का?

उत्तर : एल्विस प्रेस्ली यांचे निधन १९७७ मध्ये झाले आणि त्यांच्या आवाजाला रॉयल फिलहार्मोनिकची साथ असलेला ‘इफ आय कॅन ड्रीम’ २०१५ मध्ये आला. रॉय ऑर्बिसन यांच्या बाबतीत हेच २०१७ मध्ये झाले. यासाठी जुन्या बहुपदरी मुद्रणातून गायकाचा पदर वेगळा काढला जातो. पण गायक आणि साथीदार एकाच खोलीत एकाच वेळी गात-वाजवत असतील, तर गायकाच्या मायक्रोफोनमध्ये ड्रमही शिरलेला असतो आणि तो पूर्ण पुसता येत नाही. शिवाय त्या काळी क्लिक वापरत नसत, त्यामुळे कडव्यात लय रेंगाळते आणि ध्रुवपदात किंचित धावते. मग त्या आवाजाच्या प्रत्येक वळणाचा आधी नकाशा काढावा लागतो आणि साऱ्या वाद्यवृंदाला त्या नकाशावरून चालावे लागते. जिवंत मैफलीत गायक आणि वादक एकमेकांना सांभाळून घेतात, इथे सांभाळून घेण्याचे काम एकाच बाजूकडे असते.

योग्य की अयोग्य, याचे उत्तर मी गाण्यागणिक देईन. ज्या गाण्याचे मूळ मुद्रणच भरगच्च, नाट्यपूर्ण होते, त्याला नवा वाद्यवृंद शोभतो. चार माणसांनी दाटीवाटीने बसून केलेल्या गाण्याभोवती साठ व्हायोलिने उभी केली की गायक घर चुकल्यासारखा वाटतो. गायक हयात असूनही असे होऊ शकते. निर्माते फिल स्पेक्टर यांनी १९७० मध्ये बीटल्सच्या ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर वाद्यवृंद आणि गायकवृंद चढवला, तेव्हा पॉल मॅकार्टनी यांनी उघड नाराजी व्यक्त केली होती, त्या साजाविना ते गाणे अधिकृतपणे यायला १९९६ साल उजाडले.

प्रश्न : आम्ही दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो असे चौघे हौशी वादक आहोत. एखादे जुने रॉक गाणे बसवायचे आहे. गाणे कसे निवडावे, आणि परवानगी लागते का?

उत्तर : आधी परवानगीचे. घरात, आपल्यापुरते वाजवायला कोणी अडवत नाही. जाहीर कार्यक्रम, ध्वनिमुद्रण किंवा संयोजनाची छापील प्रत यांपैकी काही करायचे असेल तर गाण्याच्या रचनेचे हक्क ज्यांच्याकडे आहेत, त्या प्रकाशकांकडे चौकशी करावी. रचनेचा हक्क आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगवेगळे असतात. आपण स्वतः वाजवणार असल्याने आपला संबंध पहिल्याशी येतो. मूळ संगीतकाराचे नाव छापले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. तपशील देशोदेशीच्या कायद्यांप्रमाणे बदलतात.

निवडीसाठी एक साधी कसोटी आहे. गाण्यातून शब्द आणि ड्रम मनातल्या मनात काढून टाका आणि उरलेले गुणगुणून पाहा. एखादी ठसठशीत रिफ (पुनःपुन्हा येणारी छोटी स्वराकृती) किंवा एकमेकांविरुद्ध चालणाऱ्या दोन ओळी उरल्या, तर गाणे आपल्या उपयोगाचे आहे. लेड झेपेलिनच्या ‘काश्मीर’मध्ये गिटारचे आवर्तन तीन मात्रांचे आणि ड्रमचे चार मात्रांचे आहे, दोघे बारा मात्रांनी समेवर भेटतात, ही रचना कोणत्याही वाद्यांवर उभी राहील, शिवाय १९७५ च्या मूळ मुद्रणातच गजाची आणि पितळी वाद्ये आहेत.

गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झची आणि व्हायोलिनची १९६ हर्ट्झची, त्यामुळे रिफ चेलोकडेच द्यावी लागेल. चेलो ६५ हर्ट्झपर्यंत उतरतो. गिटारवाल्यांची आवडती ई पट्टी आपल्या तारांनाही मानवते, ती विनाकारण बदलू नये. मात्र उद्या एखादा क्लॅरिनेटवादक किंवा ट्रम्पेटवादक आपल्यात आला, तर बी फ्लॅटच्या वाद्यावर (त्याची स्वरलिपी ऐकू येणाऱ्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहितात) त्याला ई मेजर वाजवताना सहा शार्प, म्हणजे चढवलेले स्वर, सांभाळावे लागतील, तेव्हा पट्टी एफ करावी. पहिल्या तालमीत रिफ चेलोवर आणि तिचा पंचम व्हिओलावर एवढेच वाजवून पाहा, आणि दोन्ही व्हायोलिनवादकांना तेवढा वेळ गज खाली ठेवायला सांगा.